कंट्रोलर काकांची स्वस्त विमानं

"ताई, हैदराबाद-चेन्नई अठ्ठावीसशे! लवकर बोला, दोनच सीटा राहिल्यात!"

सकाळचे साडेसात. माझे हात कणकेत, गॅसवर दूध, आणि फाटकापाशी हा माणूस मोबाइल उंच धरून उभा. चेन्नईला माझं कोणी नाही. चेन्नईत मला काही काम नाही. पण सोनकांबळे काकांना त्याचं काय? अठ्ठावीसशेला विमान निघालंय आणि शेजारची बाई खुशाल कणीक मळत बसलीय, हे त्यांना बघवतच नसे.

"काका, मी चेन्नईला जाऊन करू काय?"

"जायचं नसलं तर नका जाऊ. पण भाव तर बघून ठिवा!"

तेवढ्यात दूध उतू गेलं. महिन्यातून दोनदा तरी माझं दूध या माणसापायी उतू जायचं.

बदली होऊन मी नांदेडहून लातूरला आले, भाड्याने घर घेतलं, आणि घराबरोबर हे शेजारी मिळाले. माणिकराव सोनकांबळे, मूळचे निलंग्याकडचे. एस.टी.त कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक होऊन निवृत्त झाले. स्टँडवरच्या खिडकीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागेल आणि कधी सुटेल हे बघणारा माणूस. म्हणून सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर काका म्हणायची. नोकरी संपली, पण वेळापत्रक काही डोक्यातून जाईना. पोरीने मोबाइल घेऊन दिला, त्यात तिकिटांचे भाव कसे बघायचे ते शिकवलं, आणि काका एस.टी.वरून थेट विमानावर गेले.

बोलणं मात्र स्टँडवरचंच राहिलं. विमानाला गाडी म्हणायचे, पायलटला डायवर, आणि त्या बिचाऱ्या हवाई सुंदरीला कंडक्टरबाई. अंगठा सतत त्या मोबाइलवर. भाव वर गेला की कपाळाला आठ्या, खाली आला की गल्लीत फेऱ्या. जेवताना मोबाइल ताटाशेजारी. काकू, म्हणजे त्यांची बायको कमलबाई, एकदा वैतागून म्हणाल्या, "त्यालाच भाकर चारा आता."

काकूंचा या स्वस्त विमानांवर काडीचा विश्वास नव्हता. "इतकं स्वस्त काऊन देतेत? कायतरी कमी असंल त्याच्यात. चाक-बिक."

"कमी हाय की," काका म्हणायचे. "खायला देत न्हाईत. पाय लांब करायला जागा न्हाई. बॅग जड झाली की दंड घेतेत. पर चाकं तेवढीच हायती, मी बघितलीत. आन् स्वस्तातलं इमान काय खालून उडतं का? उडतं तेवढ्याच उंचीवरनं!"

मला ते एकदा म्हणाले, "ताई, पडायचं भ्या न्हाई बगा. चुकायचं भ्या हाय." हे त्यांना पक्कं माहीत होतं. माहीत असूनही पुढचं सगळं झालं.

पहिल्यांदा विमानात बसले ते बोधगयेला जाताना. भावकीतली, शेजारची अशी अकरा माणसं. रेल्वेच्या एसी डब्यापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन काकांनी सगळ्यांना पाटण्यापर्यंत विमानाने नेलं. त्यासाठी दोन महिने भाव बघत होते. जवळच्या बॅगेत सात किलोच चालतात म्हटल्यावर त्यांनी भुसार लाइनीतून एक ताणकाटा आणला आणि घरोघरी जाऊन बॅगा टांगून बघितल्या. ज्याची बॅग जास्त भरली त्याला त्यातले कपडे अंगावर चढवायला लावले. ऐन मे महिन्यात लातूरच्या स्टँडवर अकरा माणसं दोन-दोन शर्ट घालून, दोन-दोन लुगडी नेसून घामाघूम उभी! एका आजीबाईंनी एवढं करून पिशवीत लोणच्याची बरणी नेलीच. तपासणीत तेल चालत नाही म्हणून अडवली. काकांनी भांडण केलं नाही. बरणी घेऊन सगळ्यांना बाहेर बाकावर बसवलं, भाकरी काढायला लावल्या आणि ते लोणचं तिथल्या तिथे संपवलं. "टाकून देऊ का काय? आजीनं वरीसभर जपलेलं," असं मला नंतर सांगत होते. सांगताना स्वतःच हसून हसून बेजार झाले.

माझं तिकीट त्यांनी एकदाच काढलं. भावाच्या घराची बंगळूरला वास्तुशांत होती. तेव्हा नांदेडहून विमान सुरू झालं होतं. कोणती कंपनी ते सोडा. एकोणीसशे रुपये! काका आठवडाभर गल्लीत सांगत फिरले. आदल्या दिवशी दुपारी मेसेज आला: उड्डाण रद्द. कारण-बिरण काही नाही. मी जी भडकले म्हणता! काका मान खाली घालून ऐकत राहिले, मग उदगीरच्या जुन्या सोबत्याला फोन करून त्यांनी मला हैदराबादच्या गाडीत जागा मिळवून दिली. जाताना म्हणाले, "ताई, पैशे परत येतेत. मी बघतो."

"पैसे येतील हो, वास्तुशांत परत येईल का?"

मी पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. परत आल्यावर आठ दिवस काका आमच्या फाटकाकडे फिरकले नाहीत. मला वाईट वाटायला लागलं होतं, जरा जास्तच बोलले म्हणून. नवव्या दिवशी सकाळी कणीक मळतेय, तर बाहेरून आवाज: "ताई, गोवा बावीसशे!"

या माणसाला काय म्हणावं!

करुणा ही त्यांची एकुलती एक लेक. नांदेडला शिकून डॉक्टर झालेली. कमी बोलणारी, पण एकदा धरलं की सोडायची नाही. तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. त्या परीक्षेत पहिल्या वर्षी नंबर हुकला. दुसऱ्या वर्षी दिवस-रात्र एक करून बसली, आणि यादीत नाव लागलं. सीट मिळाली ती आसामात. हवा असलेलाच विषय. काकूंनी गल्लीभर पेढे वाटले. बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभ्या राहून त्या कितीतरी वेळ रडत होत्या. काका रडले नाहीत. ते तेव्हाच मोबाइलवर गुवाहाटीचे भाव बघायला लागले होते.

अट साधी होती आणि वाईट होती. अमुक दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन तिथल्या कॉलेजात स्वतः हजर व्हायचं. नाही झालं तर सीट गेली. पुन्हा पुढच्या वर्षी परीक्षा, पुन्हा पहिल्यापासून. नांदेडहून मूळ कागदपत्रं आणण्यात दोन दिवस गेले. उरले दोन. रेल्वेने पोचणं शक्यच नव्हतं.

काकांपुढे दोन रस्ते होते. हैदराबादहून गुवाहाटीपर्यंत एकाच कंपनीचं सलग तिकीट सतरा हजारांच्या वर. आणि दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं, कोलकात्याला बदलायचं, नऊ हजार. मधे दोन तास वीस मिनिटं, त्यातच मोठी बॅग उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या कंपनीकडे पुन्हा द्यायची.

"आठ हजार वाचतेत ताई. तिचा तिथला दोन महिन्यांचा खर्च."

"आणि पहिलं लेट झालं तर? दुसरी कंपनी थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

"सकाळची पयली गाडी कधी लेट होत न्हाई. रातच्याला मुक्कामी असती ती. झाडून पुसून तयार." हे त्यांनी इतक्या अधिकाराने सांगितलं की मलाही ते पटलं.

काकू म्हणत होत्या, तुम्ही संगं जा. पण संगं जायचं म्हणजे वाचलेले आठ हजार त्यातच जाणार. करुणा म्हणाली, "मी जाईन एकटी. काय लहान आहे का?"

निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे होते. काकांनी ताणकाटा काढला. मोठी बॅग तेरा किलो, म्हणजे पंधराच्या आत. खांद्यावरची आठ किलो तीनशे. सव्वा किलोच्या वर जास्त. विमानतळाच्या फाटकावर पकडलं तर दोन हजार दंड. काकांनी बॅग उघडली आणि कागदपत्रांची जाडजूड फाईल बाहेर काढली. प्रमाणपत्रं, जातवैधता, गुणपत्रकं, प्रत्येकाच्या तीन तीन झेरॉक्स. फाईल काट्याला लावली. दीड किलो.

"ही मोठ्या बॅगेत टाकू."

"अप्पा, ती जवळ असलेली बरी," करुणा म्हणाली.

आता हे ऐका. काकांचं म्हणणं फक्त पैशाचं नव्हतं. स्टँडवरच्या त्यांच्या खिडकीमागे एक कपाट होतं, गाड्यांत विसरलेल्या सामानाचं. छत्र्या, डबे, चपला आणि फायली. भरतीला निघालेल्या, मुलाखतीला निघालेल्या पोरापोरींच्या फायली. गडबडीत उतरायचं आणि मांडीवरची फाईल सीटवर राहायची. कुणी रडत परत यायचं, कुणी येतच नसे. काका कागदावरचे पत्ते शोधून गावोगावच्या कंडक्टरांच्या हाती त्या पाठवायचे. देवणीकडच्या एका पोराची फाईल पोचली तेव्हा त्याची भरती होऊन गेली होती. तो पोरगा काकांच्या डोक्यातून कधी गेला नाही.

"हातात ठिवलेलीच इसरती, बाळा," ते म्हणाले. "कुलुपात ऱ्हाऊ दे." आणि त्यांनी ती मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत, तळाशी घातली. वरून कुलूप लावलं.

मी तिथेच उभी होते. बॅगेचं दुसरं टोक मीच धरलं होतं. माझ्याही डोक्यात आलं नाही. अजूनही आठवलं की माझा मलाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फाटक वाजलं. काका आत आले, थेट स्वयंपाकघराच्या दारात. असे ते कधी येत नसत.

"लेट हाय. अजून हललीच न्हाई."

करुणा विमानात बसलेली, विमान जागेवर. वीस मिनिटं. चाळीस. शेवटी पाऊण तास उलटून गेल्यावर तिचा फोन बंद झाला, म्हणजे उडालं. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत हिशेब मांडला. उतरायला नऊ पस्तीस. दुसरं विमान अकराला. सामान घेणारी खिडकी दहाला बंद.

"बसतंय. बसतंय ताई. पंचवीस मिनिटं हायत."

मग पुन्हा मांडला. पुन्हा. दारापासून फाटकापर्यंत, फाटकापासून दारापर्यंत. मी ऑफिसला रजेचा मेसेज टाकला. काकू येऊन पायरीवर बसल्या.

नऊ पन्नासला करुणाचा फोन. उतरलेय, बॅगेच्या पट्ट्यापाशी उभी आहे, पट्टा अजून सुरू नाही.

"बॅग सोड! तू पळ!" मी ओरडले. "बोर्डिंग पास मोबाइलवर आहे ना? जवळची बॅग घे आणि पळ!"

ती म्हणाली, "ताई, फाईल त्या बॅगेत आहे."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं.

आणि मग काकांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. किती बटणं दाबली, किती गाणी ऐकली. शेवटी एक मुलगी बोलली. काका एकदम ताठ झाले. आवाज बदलला, स्टँडवर लाउडस्पीकरमधून यायचा तसा.

"बेटा, मैं सोनकांबळे, लातूर से, रिटायर कंट्रोलर. तुम्हारी अकरा बजे की गुवाहाटी गाडी है ना, उसको दस मिनिट रोको. एक लेडीज पॅसेंजर उतरी है, बॅग के लिए खडी है. दस मिनिट बस."

"सर, सॉरी, ऐसा नहीं हो सकता."

"होता है बेटा. मैं चालीस साल किया. लास्ट गाडी रोका है मैं. निलंगा की, देवणी की. डायवर गाली देता था, मेमो आता था, फिर भी रोका. लेडीज को स्टँड पे छोड के गाडी नहीं जाती. तुम डायवर को फोन दो, मैं बोलता."

ती मुलगी सॉरी सर, सॉरी सर म्हणत राहिली. बिचारी ती तरी काय करणार! काका तिला विनवत होते, "बेटा, उसकी सीट जाती. पाच बजे जाती." मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

दहा वाजून सात मिनिटांनी बॅग आली. खिडकी बंद झाली होती. करुणाचा फोन आला, तो काकांना. ती कधी आवाज चढवणारी पोरगी नव्हे. पण पायरीवर बसलेल्या काकूंनाही ऐकू गेलं.

"अप्पा, आठ हजार वाचवलेत ना? ते घेऊन बसा आता."

फोन ठेवला तिने.

मी माझ्या मोबाइलवर बघायला लागले. सव्वा वाजताचं एक विमान होतं, तिसऱ्याच कंपनीचं, एकच सीट. भाव वाचायला तोंड उघडलं तर काकांनी हात वर केला.

"वाचू नका. काढा."

कार्ड माझ्यापुढे धरलं. आकडे सांगताना दोनदा चुकले. पाच वर्षांत या माणसाने भाव न विचारता काही घेतल्याचं मी बघितलं नव्हतं, भाजीसुद्धा. आधीची दोन आणि हे, तिन्ही तिकिटं मिळून त्या सतरा हजारांच्या कितीतरी वर गेली. मी ते त्यांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

सव्वा ते पाच. कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. तीन वाजता उतरल्याचा मेसेज काकूंना. मग टॅक्सी. मग काहीच नाही. काका सारखे विचारत, "तिथं रस्ते कसे असतेत ताई? गर्दी असती का?" मला काय माहीत! मी चिडून म्हटलं, "तुम्ही बसा हो एका जागी!" बसले, आणि दोन मिनिटांत उठले.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना काकूंच्या मोबाइलवर मेसेज आला. "झालं. सीट मिळाली." काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी स्वतःचा मोबाइल बघितला. त्यावर काही नव्हतं.

त्यानंतर करुणा फोन करायची ती आईला. रविवारी, दुपारी. काका आत कुठेतरी काम काढून बसायचे आणि कान तिकडे. "अप्पा बरे आहेत का?" एवढं विचारायची. काकू म्हणायच्या, "घे, बोल." तर म्हणायची, "राऊंड आहे, ठेवते." असे आठ महिने. काका वाळले. सकाळची हाक बंद झाली. खरं सांगते, मला चैन पडेना. एकदा मीच फाटकापाशी जाऊन म्हटलं, "काका, चेन्नईचा काय भाव चाललाय?" ते म्हणाले, "बघत न्हाई आता." आणि आत गेले.

मग करुणाची पहिली रजा मंजूर झाली. काका त्या दिवशी किती महिन्यांनी आमच्याकडे आले. "ताई, तिचं तिकीट काढा. सलग. एकाच कंपनीचं. मधी काही बदलायचं न्हाई. कितीबी होऊ द्या." मी मोबाइल काढतेय तोच काकू स्वतःचा फोन घेऊन धावत आल्या. फोनवर करुणा.

"अप्पा आहेत ना तिथं? दे त्यांना."

काकांनी फोन कानाला लावला, पण आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होतं.

"अप्पा, मी काढलं तिकीट. दोन वेगवेगळी काढली, कोलकात्याला बदलायचं. सहा हजार वाचले! मधे तीन तास आहेत. पुरतील ना?"

आठ महिन्यांनी लेक बोलत होती, आणि विचारत होती ती त्यांनाच. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "काऊन गं बाळा... काऊन असं..." एवढंच पुटपुटले. मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "पुरतील. लई झाले तीन तास." फोन परत दिला आणि गल्लीत फेऱ्या सुरू झाल्या. काकू हसत होत्या. मी हसावं की काय करावं मला कळेना.

त्याच सुमाराला माझी नांदेडला परत बदली झाली. सामानाचा टेंपो पुढे पाठवून मी स्टँडवर आले, तर हैदराबादच्या गाडीत खिडकीशी काका. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. एक हात छातीच्या खिशावर घट्ट दाबलेला.

"कुठं निघालात?"

"हैदराबादला. इमानतळावर." त्यांनी आवाज खाली आणला. "जवळ पैशे घेतलेत. पोरीची गाडी चुकली तर लगेच दुसरं तिकीट काढता येतंय."

"अहो काका, चुकली तर ती कोलकात्यात चुकेल! तिकीट तर ती तिथूनही काढेल. तुम्ही हैदराबादेत काय करणार?"

त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही.

"काय करनार, ताई. उभा राहीन."

कंडक्टरने घंटी मारली, गाडी मागे सरकून वळली आणि फाटकाबाहेर पडली. ती दिवस मावळायच्या आत हैदराबादला पोचणार होती. करुणाचं विमान उतरायचं होतं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.